हौस आणि हिशेब : नव्या साहेबांसाठी पहिली यत्ता

अभिनंदन. परवापर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी तुम्ही न विचारता उचलत होता, त्यांचे तुम्ही आजपासून साहेब झालात. केबिन अजून मिळाली नसेल, पण खुर्चीला हात नक्की आले असतील. एक-दोन दिवसांत वरून मेल येईल : ‘टीमला मोटिव्हेट करा.’ कसं करायचं ते त्यात नसेल, कारण पाठवणाऱ्यालाही त्याच्या वरून तेवढंच आलेलं असतं. ही मार्गदर्शिका त्या अडचणीसाठी आहे. मी एकतीस वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. मध्येच कधीतरी दारावरची पाटी बदलून ‘एचआर’ झाली, आतला पंखा तोच राहिला. हे वाचून तुमची माणसं कामाला लागतीलच असं मी म्हणत नाही, पण ती का लागत नाहीत यावर एक मीटिंग तुम्ही आरामात घेऊ शकाल.

लागणारं साहित्य

माणसं, असतील तेवढी. पगारपत्रक. एक सूचनापेटी, कुलपासकट. किल्ली हरवलेली असेल तर उत्तम. दिवाळीसाठी सोनपापडीचे डबे. महिन्याच्या सर्वोत्तम कर्मचाऱ्याचा फोटो लावायला एक चौकट. आणि थोडी लाज. ही स्टोअरमध्ये मिळत नाही, घरून आणावी लागते.

आता दोन शब्द पाठ करा. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला बाह्य प्रेरणा आणि आंतरिक प्रेरणा असं सांगतील. तिथे मान हलवा, आणि मनात हिशेब आणि हौस म्हणा. पगार, बोनस, ओटी, बढती, मेमो, चौकटीतला फोटो हा सगळा हिशेब. हौस दाखवायची तर शॉपमध्ये जावं लागेल. लेथवरचा माणूस जॉब उतरवतो, अंगठ्याने पुसतो आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून क्षणभर बघतो. मोजमापं आधीच घेऊन झालेली असतात. त्या बघण्याचे त्याला पैसे नाहीत, ते कुठल्या फॉर्मात भरायची सोय नाही. ते बघणं म्हणजे हौस. तुमचं पुढचं सगळं करिअर या एका क्षणाच्या आड न येण्यात जायचं आहे, आणि बहुतेक साहेबांना ते जमत नाही.

पायरी पहिली : पैसे द्या

ही पायरी नवशिके गाळतात. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर करून येतात, ‘माणूस पैशासाठी काम करत नाही’ हे तिथे ऐकतात आणि सोमवारी ओव्हरटाइम बंद करतात. शिबिर घेणाऱ्याने दोन दिवसांचे किती घेतले, ते अकाउंट्समध्ये जाऊन विचारावं.

या गोंधळाचं खापर फ्रेडरिक हर्झबर्गवर फोडायची पद्धत आहे. त्याने तसं काही म्हटलेलं नाही. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनीअरांना आणि हिशेबनिसांना गाठून विचारलं, की कामावर असताना तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. १९५९ मध्ये पुस्तक आलं. बरं वाटल्याच्या गोष्टी बहुतेक कामाच्या पोटातल्या निघाल्या : अवघड काहीतरी जमलं, कोणाच्या तरी ते लक्षात आलं, काम मुळातच रंगलं. वाईट वाटल्याच्या गोष्टी कामाच्या भोवतालच्या होत्या : कंपनीचे नियम, वरचा साहेब, पगार, बसायची जागा. म्हणजे वाईट ते काढलं की माणूस खूश होतो असं नाही, नुसता कुरकुरायचा थांबतो. खूश व्हायला दुसरंच काहीतरी लागतं.

मी याला कॅन्टीनची आमटी म्हणतो. आमटी पाणचट असली की अख्खी पाळी दुपारभर तिच्यावर बोलते. ती सुधारली की बोलणं बंद होतं. आमटी फक्कड झाली म्हणून कोणी चार नग जास्त काढल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ती नग वाढवत नाही म्हणून तिच्यात पाणी ओतायचं नसतं. हर्झबर्गच्या म्हणण्याचा नेमका हा अर्धा भाग लोक रिसॉर्टवर विसरून येतात.

हौसेच्या नावावर हिशेब कसा लांबवावा हे शिकायचं असेल, तर खासगी कंपन्यांकडे जाऊ नका. तिथे नुसती चिल्लर आहे. सरकारकडे जा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई, त्याच गावातली. कागदावर ती नोकर नाही, स्वयंसेविका आहे. स्वयंसेविका असल्यामुळे तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. गरोदर बाईला दवाखान्यात पोचवलं की इतके, बाळाच्या लशी पुऱ्या झाल्या की इतके. शब्द कसे बसवलेत बघा : कामाला सेवा म्हणायचं आणि मोजायचं मात्र नगावर. सेवाभाव तिचा गृहीत आणि पीसरेटही तिलाच लागू. कोविडमध्ये या बायका दारोदार फिरल्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाखांवर आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मागण्यांमध्ये मोबदल्यातली वाढ होती, दिवाळीचा बोनसही होता. या दोन तारखा एका चिठ्ठीवर शेजारीशेजारी लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. पुरस्कार खोटा नव्हता. वाण्याच्या दुकानात तो चालत नाही, एवढंच.

पायरी दुसरी : दिवाळी

दसरा झाला की सगळा कारखाना कामगार कायद्याचा वकील होतो. एरवी स्वतःची पगाराची स्लिप न वाचणारा माणूसही ८.३३ टक्के आणि २० टक्के हे दोन आकडे झोपेत सांगतो. १९६५ च्या बोनस कायद्यातून आलेली ही किमान आणि कमाल मर्यादा. ८.३३ हा आकडा विचित्र दिसतो, पण तो नुसता बारावा हिस्सा आहे, म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना.

हे प्रकरण सुरू कसं झालं, ते प्रत्येक नव्या साहेबाने वाचलंच पाहिजे, कारण ते साहेब लोकांच्या चांगुलपणातूनच सुरू झालं. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी बख्खळ पैसा केला. १९१७ मध्ये मालकांनी मजुरीवर दहा टक्के ‘वॉर बोनस’ दिला. कोणी कोर्टात खेचलं नव्हतं, आपखुशीने दिला. पुढच्या वर्षी पंधरा टक्के केला. मग काही वर्षं महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मिळत राहिली. १९२३ मध्ये नफा घसरला, मालकांनी हात आखडला, आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्यांचे भोंगे बंद पडले. दीड लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर. चौकशी समिती बसली, अध्यक्ष हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड. समितीने निर्वाळा दिला की या बोनसवर कामगारांचा कायद्याने हक्क पोचत नाही. कायद्याने नसेल पोचत. पण पाच-सहा वर्षं दरसाल येणारी रक्कम माणसाच्या संसारात शिरलेली असते, गावाकडचं कर्ज तिच्या भरवशावर काढलेलं असतं. ती बक्षिसी आहे की मागे ठेवलेली मजुरी, हा वाद त्यानंतर चाळीस वर्षं चालला. निवाडे झाले, आयोग झाला, तेव्हा कुठे कायदा आला. आणि कायदा आल्यावर वाद संपला म्हणाल, तर १९८२ च्या गिरणी संपाची ठिणगीसुद्धा आदल्या दिवाळीच्या बोनसच्या भांडणातली होती.

तक्ता करून ठेवा. पहिल्या वर्षी बक्षीस. दुसऱ्या वर्षी आठवण. तिसऱ्या वर्षी वहिवाट. चौथ्या वर्षी, न दिल्यास, गेटवर घोषणा.

सोनपापडीला हाच नियम. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका दिवाळीला मॅनेजमेंटने फार विचार करून स्टाफला काजूकतली आणि कामगारांना सोनपापडी ठरवली. पैसे वाचले म्हणून माझंही कौतुक झालं. पाळी सुटताना पिशव्या तपासणं हे वॉचमनचं कामच होतं. त्याने आधी कामगारांच्या पिशव्या पाहिल्या, मग स्टाफच्या. डब्यांचे रंग वेगळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर सोनपापडीचे अकरा न उघडलेले डबे नीट रचून ठेवलेले होते. चिठ्ठी नव्हती, नाव नव्हतं. काहीच दिलं नसतं तर कुरकुर झाली असती. डबा देऊन आम्ही अपमान विकत घेतला, तोही घाऊक दराने. तेव्हापासून माझं मत आहे की सोनपापडी द्यावी, सगळ्यांना एकच द्यावी, आणि ती देताना ‘प्रोत्साहन’ हा शब्द तोंडातून काढू नये. ‘सणाचं आहे, घरी न्या’ एवढं म्हणावं.

पायरी तिसरी : सौदा करू नका

इथे जरा थांबू, कारण माझी सगळ्यात मोठी चूक या पायरीवरची आहे.

१९७३ सालची गोष्ट. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एक बालवाडी आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी तिथली तीन ते पाच वर्षांची पोरं निवडली. स्केचपेन दिसलं की आपणहून चित्रं काढत बसणारी. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं मांडून ठेवली आणि गुपचूप पाहिलं. ज्यांच्याशी आधी सौदा झाला होता ती पोरं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काहीही बिघडलं नव्हतं. म्हणजे प्रशस्तिपत्र निर्दोष. ‘केलंस तर देईन’ हे वाक्य दोषी. खेळाचं त्याने काम केलं.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी साहेब म्हणून मी म्हणालो असतो, ती पोरं आहेत, आपली माणसं मोठी आहेत.

आम्ही सूचनापेटी लावली. स्वीकारलेल्या प्रत्येक सूचनेला पन्नास रुपये. पहिल्या महिन्यात पेटी गच्च भरली आणि मी वर रिपोर्ट पाठवला. मग सूचना वाचायला घेतल्या. असेंब्लीतल्या एका हुशार माणसाची पहिली सूचना होती : कॅन्टीनच्या कोपऱ्यात पंखा लावावा. लावला, पन्नास दिले. दुसऱ्या महिन्यात : पंख्याचा वारा स्टोव्हवर जातो, जागा बदलावी. बदलली, पन्नास. तिसऱ्या महिन्यात : पंखा मूळ जागीच बरा होता. मी त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, तुम्ही सूचना मागितल्या होत्या. पंखा चालतो की नाही ते कुठे विचारलं होतं?’ स्टीव्हन कर नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाचा १९७५ मधला निबंध आहे, बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि आशा दुसरीची करायची, या मूर्खपणावर. त्यात विद्यापीठं आहेत, राजकारणी आहेत. आमचा पंखा नाही.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

टूलरूममध्ये एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एका ड्रिलिंग फिक्श्चरमध्ये जॉबखाली चिप्स अडकायच्या, जॉब केसभर तिरका बसायचा आणि भोक सरकायचं. मामांनी एका जेवणाच्या सुट्टीत फिक्श्चरच्या तळाला कानशीने उतरता गाळा पाडला, चिप्स आपोआप खाली घरंगळायला लागल्या. रिजेक्शन घटलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, ऑपरेटरनेही नाही. तीनेक महिन्यांनी क्वालिटीवाल्याने आकडे पाहून शोध लावला, तेव्हा मी उत्साहाने खाली गेलो. मामा बाकावर डबा उघडत होते. मी त्यांना सूचनापेटीचा फॉर्म दिला आणि म्हणालो, ‘मामा, हा भरून टाका, मागच्या तारखेने पन्नास रुपये मंजूर करून घेतो. आणखी असं काही केलेलं असेल तर तेही लिहा, प्रत्येकाचे वेगळे.’

त्यांनी फॉर्म डब्याच्या झाकणावर ठेवला. सावकाश भाकरी मोडली. म्हणाले, ‘साहेब, मला पटत नव्हतं म्हणून केलं. आता तुम्ही म्हणताय ते पन्नास रुपयांचं होतं.’

फॉर्म त्यांनी भरला नाही. त्यानंतर मामांनी एकाही फिक्श्चरला कानस लावली नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, ‘ड्रॉइंगमध्ये दाखवा, करून देतो.’ पाट्या टाकायला त्यांना मी शिकवलं. त्यांच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पन्नास रुपयांत. करायला हवं होतं ते सोपं होतं. फिक्श्चर हातात घेऊन विचारायचं, ‘मामा, हा गाळा किती अंशाला पाडलात?’ आणि उत्तर ऐकायला खाली बसायचं. त्यांना नेमका आकडा सांगायचा होता, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या मदतनिसाकडून कळलं.

पायरी चौथी : दंड (हिशेबाचा धाकटा भाऊ)

इस्रायलमधल्या हायफा शहरात पाळणाघरांमध्ये आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी काही पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला दंड लावून पाहिला. उशीर वाढला, जवळपास दुप्पट झाला. आधी बाईंसमोर ओशाळं व्हायला लागायचं. आता रीतसर पैसे भरून उशीर विकत मिळायला लागला. पुढे दंड काढला तरी उशीर कमी झाला नाही. त्यांचा लेख २००० मध्ये आला.

आमच्याकडे बोटाचा ठसा घेणारं मशीन आलं आणि तीन लेट मार्कला एक रजा कापायचं ठरलं. पहिले दोन लेट मार्क लोकांनी हक्काचे म्हणून वापरले. तिसरा होणार असं दिसलं की माणूस स्टेशनवरूनच परत फिरायचा. रजा जाणारच आहे तर निदान घरी झोपून जाऊ दे. पूर्वी दहा मिनिटं उशीर झालेला माणूस मान खाली घालून आत यायचा आणि संध्याकाळी न सांगता अर्धा तास जास्त थांबायचा. ती खाली घातलेली मान ही आमची ठेव होती. मशीनने ती मोडून हातात व्याजासकट काहीच दिलं नाही.

पायरी पाचवी

कमिटीकडे आहे.

पायरी सहावी : मोठी रक्कम लावून बघा

किंवा नका बघू, दुसऱ्यांनी बघितलं आहे. डॅन एरियली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या खेड्यांतल्या लोकांना लक्ष, स्मरण आणि हाताचं कसब लागणारे सहा खेळ खेळायला दिले. चांगलं खेळल्यास एका खेळाला कोणाला चार रुपये, कोणाला चाळीस, कोणाला चारशे. तिथल्या माणसाला चारशेच्या हिशेबाने सगळे खेळ म्हणजे कित्येक महिन्यांचा खर्च. सगळ्यात वाईट खेळले ते चारशेवाले. लक्ष खेळावरून उडून चारशेवर गेलं. २००९ मध्ये हा अभ्यास छापून आला. सेल्सच्या बैठकीत परदेशवारीचं टार्गेट जाहीर होताना मागच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे पाहा, तेच दिसेल.

मात्र इथे एक सावधगिरी. ज्या कामात डोकं लावायची जागाच ठेवलेली नाही, तिथे नगावर पैसे देऊन नग वाढतात, हे खरं आहे. पाकिटं चिकटवणाऱ्या बाईला ‘कामातला आनंद शोधा’ सांगू नका. पाकिटामागे दहा पैसे वाढवा.

पायरी सातवी : हात काढून घ्या

ही करायला सगळ्यात स्वस्त आणि साहेबाला सगळ्यात महाग. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आला. एका खात्यात नवे स्वयंचलित माग बसवले होते. यंत्र उत्तम, पण काम तुकड्यांत वाटलेलं : एक जण फक्त तुटलेले धागे जोडणार, दुसरा फक्त बॉबिनी भरणार, तिसरा फक्त तेल घालणार. सगळे सगळ्या मागांवर धावत, आणि कोणताच माग कोणाचा नाही. उत्पादन अपेक्षेएवढं नव्हतं, खराब कापड फार निघत होतं. राइसने सुचवलं की थोडे माग आणि थोडी माणसं अशा टोळ्या कराव्यात, टोळीने आपल्या मागांचं सगळं आपसात बघावं. कामगारांनी आणि मुकादमांनी कल्पना उचलली आणि कोण कोणत्या टोळीत हे आपसात ठरवलं. सुरुवातीला गाडी अडखळली, मग उत्पादन वाढलं आणि खराब कापड घटलं. पगाराची घडीही नव्या पद्धतीप्रमाणे बसवून दिली होती, हे विसरू नका; हिशेब आधी, मग हौस. पण फरक पडला तो ‘हे माग आपले’ या तीन शब्दांनी, आणि ते कोणी भिंतीवर रंगवले नव्हते.

हे तुमच्या खात्यात करायचं झाल्यास तुम्हाला दिवसातून सहा वेळा ‘कुठपर्यंत आलं?’ विचारणं सोडावं लागेल. एकदम सोडू नका, त्रास होतो. आधी सहाचे चार करा.

फोटोची चौकट

पहिल्या महिन्यात खरोखर चांगल्या माणसाचा फोटो लागतो. दुसऱ्या महिन्यात बाकीचे विचारतात. तिसऱ्या महिन्यापासून पाळी लागते. दहाव्या महिन्यात तुमचा लागतो. चौकट काढून तिथे घड्याळ लावा.

नवशिक्यांच्या शंका

*‘अप्रेझलमध्ये सगळ्यांना चांगलं रेटिंग दिलं तर चालेल का?’* नाही. वरून वक्ररेषा येते, तिच्यात कोणाला तरी तळाला बसवावंच लागतं. जो रजेवर असेल तो बसतो.

*‘पाठीवर थाप मारली तर?’* मारा. फक्त नक्की कशाबद्दल मारताय ते आधी माहीत असू द्या. ‘छान चाललंय, कीप इट अप’ ही थाप नव्हे, चालत्या माणसाला बाजूला सारून पुढे जाणं आहे.

*‘माझ्या हाताखाली एक माणूस आहे, तो कशानेच हलत नाही.’* त्याच्यासाठी गृहपाठ आहे.

गृहपाठ

आमच्या स्टोअरमध्ये असा एक होता. माल आल्याची पावती त्याच्याकडून काढायला तीन फोन करावे लागत. रोज वीस मिनिटं उशीर. इन्सेन्टिव्ह झाला, मेमो झाला, समुपदेशन झालं. ते मीच केलं होतं. एका गणपतीत, चतुर्थीच्या आदल्या रात्री, मी त्याच्या भागातून स्कूटरवरून घरी चाललो होतो. मंडपात शिडीच्या टोकावर तो दिसला. खाली वीसेक पोरं. तो वरून सांगत होता तसं सगळं हलत होतं : कोण वायर ओढतोय, कोण थर्माकोलऐवजी पुठ्ठ्याची कमान जोडतोय. टेबलावर वर्गणीची वही होती. मी सवयीने चाळली. तारीखवार, पावती क्रमांकासह, शेवटच्या रुपयापर्यंत जुळवलेली. पोलिसांची परवानगी, पालिकेची परवानगी, वीज मंडळाची पावती, सगळं एका फाइलीत, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. अशी फाइल मी त्याच्याकडे चार वर्षं मागत होतो.

त्याने मला पाहिलं. वाटलं, ओशाळेल. तो म्हणाला, ‘साहेब, बरं झालं आलात. जरा ते टोक धरा.’

मी दोरी धरली. कमान वर चढत होती, थोडी डावीकडे कलत होती. ‘ढिली सोडा. आता ताणा. ताणा म्हणतोय ना!’ अर्ध्या तासाने ‘साहेब’ गळालं आणि ‘काका’ झालं. मध्ये कोणीतरी माझ्या मोकळ्या हातात चहाचा कागदी कप दिला, तो दोरी न सोडता प्यायला मला जमलं. कमान सरळ बसली तेव्हा तो शिडीवरून उतरला, रस्त्याच्या पलीकडे गेला, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. मीही त्याच्या शेजारी जाऊन बघत उभा राहिलो. पावणेदोन वाजले होते.

सकाळी तो वीस मिनिटं उशिरा आला. मी पंचवीस. मशीनने दोघांनाही लेट मार्क दिला.